तळहात खाजला की

तळहात खाजला की पैसा येतो, आई म्हणाली,
आणि तेंदूच्या पानात तंबाखू भरत राहिली.
तळपाय खाजला तर प्रवास.
स्रवंतीवहिनीचे दोन्ही खाजत होते, आठव्या महिन्यात,
रात्री दोनला, भांडी घासायच्या काथ्यानं, रक्त येईपर्यंत.
विडी घरकुलातल्या आमच्या दीड खोलीत
ना पैसा आला, ना कुणी कुठं गेलं.

रिपोर्ट मी आणला. पित्ताम्लं: बेचाळीस.
नको तिथं हसू आलं मला.
तीन वर्षं मी ह्याच आकड्याच्या मागे,
पुणे रस्त्यावरच्या विद्यापीठात,
बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशी घेऊन बसलेय.

काय झालंय तिला, आईनं तेलुगूत विचारलं.
तेलुगूत माझ्याकडे शब्द नव्हते.
मराठीतही नव्हते, खरं तर.

पेशीच्या एका अंगानं रक्तातलं पित्त आत येतं,
दुसऱ्या अंगानं केसाहून बारीक नळीत सोडलं जातं.
सोडणारं प्रोटीन भिंतीत रुतलेलं असतं, आई,
पण अशी किती हवीत, हे त्याच्या हातात नाही.
ते आत ठरतं. पित्त साचलं
की एक प्रोटीन त्याला घट्ट धरतं,
दुसऱ्या हातानं जोडीदार धरतं,
आणि दोघं मिळून डीएनएवर बसतात.
मग हुकूम सुटतो: बाहेरची दारं वाढवा,
आत येणारी कमी करा.

आणि नुसतं बनवून भागत नाही.
बनलेलं दार पेशीतल्या पिशवीत पडून असतं,
त्याला भिंतीपाशी टेकवून धरणारं
तिसरंच कुणी लागतं.
मी ते तिसरं काढून पाहिलंय:
मायक्रोस्कोपखालची हिरवी रेघ विरते,
हिरवा चुरा पेशीभर.

म्हणजे हजार विड्या वळून तयार,
आई म्हणाली, आणि कारखान्याचं कार्डच नाही.

तसं नाही, मी म्हणाले.
थोडं तसंच.

गरोदरपणातली हार्मोन्स
त्या पहिल्या जोडीत मोडता घालतात,
असं आम्हाला वाटतं. वाटतं, एवढंच.
माझ्या जेलवर ती पट्टी दोनदा पुसट झाली,
तिसऱ्यांदा ठसठशीत आली,
सरांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

सदतिसाव्या आठवड्यात सिव्हिलमध्ये मुलगी झाली.
चौथ्या दिवशी वहिनी झोपली, सलग नऊ तास,
पंख्याखाली तळहात उघडे,
ओरखड्यांवर खपल्या.

आई तिच्या उशाशी सूप घेऊन बसलेली.
माझेही खाजतात, म्हणाली, हाताकडं न बघता,
तू जन्मायच्या आधीपासून.
तंबाखूनं असेल.

सुपात पानं होती, कात्री होती.
तिचा रिपोर्ट कुणी काढलेला नाही.