हत्तरगीच्या अलीकडे

कागदावर आम्ही सहाला निघालो होतो.
निपाणी, बेळगाव, यरगट्टी, संध्याकाळी बदामी,
परवा हंपी. रवळूनं लाल शाईत
जेवणाच्या वेळासुद्धा लिहिलेल्या.
सात महिन्यांच्या शरयूला तेवढा तो कागद
कुणी वाचून दाखवला नव्हता.

निघालो साडेआठला.
तवंदी घाटात ती दूध ओकली,
संकेश्वरात लंगोट बदलला,
आणि हत्तरगीच्या अलीकडे असा सूर लावला
की गाडी आपोआप चिंचेखाली गेली.

थर्मासातलं पाणी गार.
चहाच्या खोक्यातली निंगव्वा म्हणाली,
"बिसी नीर बेकेन्री?"
आणि उत्तराआधीच भांडं विसळून चुलीवर ठेवलं.
मग मराठीत, थेट सासूच्या आवाजात:
"कानाला वारं लागलंय की लेकराच्या. टोपडं कुठाय?"

टोपडं निपाणीत, खुंटीला.
तिनं आपला धुतलेला पंचा गुंडाळला.

शरयू बाजेवर झोपली.
गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर गेले,
हलली नाही.
आम्ही कुजबुजत भांडलो.
मी म्हटलं, लेणी कुठं पळून जात नाहीत.
तो म्हणाला, बुकिंग जातं.
अप्पांनी दुपारची भाकरी
दहालाच सोडली, कुणाला न विचारता.

शेवटी रवळूनं कागद उलटा केला.
आज: बेळगाव, शहापूर, मावशीकडे.
उद्या:
एवढं लिहून
पेन तसंच धरून बसला,
ती उठायची वाट बघत.