आतला सेल

तापकीर गल्लीत, जिन्याखालच्या टेबलावर
लोणकर कॅसेट उघडतो, भिंगातून बघतो.
"चालतीय अजून. पण आतला सेल बसत आलाय.
बदलला, तर जुनं सगळं पुसलं जाणार.
नाही बदलला, तरी जाणारच. आज ना उद्या."

स्क्रीन हिरवट, पालकाच्या पातळ भाजीसारखी.
तीन खाती.
पहिलं माझं : तिसरी पातळी, तोच खड्डा.
दुसरं रिकामं.
तिसरं यू-एन-एम.

तीन अक्षरांत मावलेला उन्मेष.
सहकारनगर, शारजाचा मामा,
"दोनच दिवस हं."
दहावीच्या सुट्टीत ते चिंचवडला गेले
आणि मी पत्ता विचारला नाही.
विचारता आला असता.

अंगठ्याला मात्र सगळं पाठ.
काटेरी बेडूक दोनदा फुगू द्यायचा,
उडी कडेवर नाही मारायची,
कडा संपता संपता, अर्धा श्वास उशिरा.
पंचवीस वर्षं न ओलांडलेला खड्डा
पहिल्या फटक्यात पार.
पलीकडे तसाच एक खड्डा.

लोणकर दोन कटिंग सांगतो.
"बोला, काय करू?"

मी यू-एन-एम उघडतो.
सातवी पातळी, ढगांचा पूल, दोन जीव शिल्लक.
बोटाएवढा माणूस काठावर उभा,
काही दाबलं नाही की पाय आपटतो,
स्टँडवर बस न आल्यासारखा.
वर घड्याळ : तीनशे, दोनशे नव्व्याण्णव...
पॉज.

"सेल राहू द्या," म्हणतो मी.
"डावीकडचं बटण तेवढं बघा.
मागं जाताना अडकतं."