बारा आठवडे

केंटकीतल्या औषधांच्या दुकानात
वर्डी स्किडमोर सरकारी विम्याचं कार्ड पुढे करते.
काउंटरमागची पोरगी स्क्रीन वाचते:
निकोटीनच्या पट्ट्या, बारा आठवडे.
तुमच्याकडून शून्य.

शून्य.
बापाच्या कोठारात तंबाखू टांगताना
तळहात काळे, चिकट व्हायचे,
राखेनं घासले तरी निघायचं नाही.
त्या पानांतूनच शाळेचे बूट आले,
आईची शवपेटीही.

गाडीतच, आरसा वळवून,
ती दंडावर पट्टी लावते
टिकली लावावी इतक्या जपून.

कार्डामागच्या नंबरावरचा माणूस विचारतो,
पहिली कधी ओढलीत?
नवव्या वर्षी, ती म्हणते. बापानंच पेटवून दिली, लाडानं.

मग बराच वेळ
दोघंही नुसता श्वास घेतात.
तिचा जरा
शिट्टी वाजवत.