पिकतं तिथे

माझं दुकान कोलोनियात, बंदराच्या वळणावर.
जहाज लागलं की त्यातून पांढरंच उतरतं सगळं:
पांढरा तांदूळ, पांढरी साखर, पांढरा मैदा,
टर्कीच्या गोठलेल्या शेपट्या, त्यासुद्धा पांढऱ्याच.
मी पोत्यावर पोतं रचतो
आणि वहीत लिहितो कुणाची किती उधारी.

बावीस वर्षांची वही.
चाळली तर अख्ख्या बेटाचं पोट सापडेल तिच्यात.
योआकिमच्या पायाचं बोट कापलं,
त्याआधी त्याच्या घरी किती साखर गेली
तेही सापडेल.
मी चाळत नाही.

गेल्या पावसात माझा पेर्नार्दो
दिवेलागणीला भिंत धरून चालू लागला.
सहा वर्षांचा. आधी आम्ही हसलो.
केर्लिना म्हणाली, हे तर उलटं वटवाघूळ.
मग एका संध्याकाळी तो डुकरावर पडला
आणि जेवताना ताटातला भात
बोटांनी शोधू लागला.
तेव्हा कुणी हसलं नाही.

दवाखान्यातली मिकेलिना रागावली नाही.
काल काय खाल्लं? एवढंच विचारलं तिने.
भात, साखरेचा चहा.
परवा?
भात, डब्यातलं मांस.
आणि?
त्या ‘आणि’पुढे माझ्याकडे काही नव्हतं.
ती माझी वहीच वाचत होती, न उघडता.

तिने त्याला एक गोळी गिळायला दिली.
रविवारी स्वतः आली, दुकानामागे गेली.
तिथे एक केळ आहे, करातची.
तिचा घड इतर केळींसारखा मान टाकत नाही,
फळं आभाळाकडे तोंड करून बसतात.
हे कोण खातं?
डुकरं, मी म्हणालो.
तिने एक सोलून मोडलं.
आत रंग होता लाईफ जॅकेटचा.

‘पोट भरतं ते वेगळं,
डोळ्यांना पुरतं ते वेगळं.
आतला रंग बघून खा.
आणि नुसतं नको, नारळाच्या दुधात शिजव.
हा रंग तेलाचा हात धरल्याशिवाय
अंगात शिरत नाही.
मासा आणशील तो डोक्यासकट आण,
काळीज फेकू नकोस.
भात सोड म्हणत नाही मी.
त्याला एकटा सोडू नकोस.’

काही दिवसांनी, अंधार पडता पडता,
पेर्नार्दो ओसरीवरून ओरडला,
बाबा, डुक्कर सुटलंय!
केर्लिना रडली. मी डुक्कर बांधलं.
गोळीचा गुण तो, मला ठाऊक आहे.
केळ्यासाठी मी खोटं बोलणार नाही.
पण गोळीही जहाजातूनच येते,
आणि जहाज कधी कधी येत नाही.

म्हणून दुकानाच्या दारात मी घड टांगला.
भाव लिहिला, अर्ध्याहून कमी.
येणारा जाणारा हसला:
अरे, परसातलं कोण विकत घेतं?
पिकतं तिथे विकत नाही, खरंच.
तीन दिवस माश्याच गिऱ्हाईक.
चौथ्या दिवशी योआकिमने दोन घेतली,
भिडेखातर.
जुनं गिऱ्हाईक ते.

आठवड्याने तो लंगडत आला.
खांद्यावर दोन घड, स्वतःच्या मळ्यातले,
तळहाताएवढी पानं टाकून झाकलेले.
माझ्या उधारीत वळते करून घे, म्हणाला.
साखर नको आज.
‘आज’ असं म्हणाला. मी ऐकलं.

बावीस वर्षं माझ्या वहीला एकच बाजू होती.
मी ती उलटी केली,
मागच्या कोऱ्या पानावर योआकिमचं नाव लिहिलं,
खाली, जरा वाकड्या अक्षरात:
जमा, दोन घड.

उद्या जहाज आहे.
पोत्यांना जागा करायला हवी.