डिक्कीवरचं नाव

मारेगावच्या नाक्यावर, भर दुपारी,
इस्राईलनं डिक्कीला बोट लावलं. चटका.
'पडला गोंद नरम.
ड्रायर कायले, ऊन आहे ना.'

ढिवराकडून आणलेला जाळ्याचा नायलॉन दोरा
अक्षरांमागे सरकवला,
झोपल्या पोराखालून गोधडी काढावी
तसा ओढत राहिला, इकडून तिकडे.

घा सुटला. न सुटला.
अ मात्र अडून बसला,
त्याच्यावर चहाचं आधण ओतावं लागलं.

वणीच्या डॉक्टरांची अनघा
आता उईके गुरुजींच्या तळहातावर,
तीन चकचकीत तुकडे.

चिकटा अंगठ्यानं, गोड्या तेलानं.
नख लावायचं नाही.

तरी नाव होतंच,
तांबड्यात जास्त तांबडं.
गुरुजी वाकले. 'हे घासून जाईल?'

'ह्याले काय घासता, गुरुजी?
रंग त बाकीच्या गाडीचा गेला.'