सातवी पेटी

सप्टेंबर सरताना मी प्रत्येक पेटी
मागून एका हाताने जराशी उचलून बघते.
काटा लागत नाही, मनगटाला कळतं
एप्रिलपर्यंत कोण पोचणार ते.

सहा पेट्या जागच्या हलल्या नाहीत.
सातवी रिकाम्या बादलीसारखी वर आली.

घट्ट पाक करून ठेवला, कोमट.
प्यायल्या थोडा. पण माश्याच मुळात ओंजळभर.
उणे पंचविसात ओंजळभर माश्या
एकमेकींना किती ऊब देणार?

बाकीचं उरकलं:
दारं बोटभर केली, उंदरांसाठी जाळी ठोकली,
झाकणाखाली अभ्र्यात भरलेलं वाळकं शेवाळ,
आणि पेट्या पुढे किंचित कलत्या,
श्वासाचं पाणी आत साचू नये म्हणून.
नर त्यांनी केव्हाच ओढून बाहेर टाकले होते.
पोविलास असता तर म्हणाला असता,
बघ, ही आमची किंमत.

याद्वीगा, माझी नणंद, कुंपणापलीकडे उभी होती.
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
(कारण एक गाय होती. तीही मेली.)
"जोडून टाक," ती म्हणाली,
जणू कालच बोलणं अर्धं राहिलं होतं.

जोडायचं म्हणजे आधी एक राणी मारायची.
सातवीतली म्हातारी, पंखांच्या कडा विरलेल्या.
चिमटीत पाय हलत राहिले.
आमच्या भाषेत जनावराच्या मरणाला एक शब्द,
माणसाच्या मरणाला दुसरा,
आणि माशीला माणसाचा.
तो मी मनातच म्हटला.

मग पाचवीवर विल्नियसच्या वर्तमानपत्राचं पान अंथरलं,
खिळ्याने चार भोकं पाडली, वर सातवी ठेवली.
कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो.
एकदम भेटल्या तर मारून टाकतील.

"त्या पानावर सरपणाचे भाव होते," याद्वीगा म्हणाली.
"वाचले."
"दोन चुली म्हणजे..."
वाक्य तिने तिथेच सोडलं.

पाचव्या दिवशी दारात कागदाचा भुसा.

नोव्हेंबरात ती आली,
गादी, मांजर आणि स्वतःचं पातेलं घेऊन.
रात्री मी मधलं दार लोटलं,
कडी घातली नाही.
पलीकडे ती खोकली.
थोड्या वेळाने मीही,
खोकला नसताना.