साल अज्ञात

शुक्रवार पेठेत, गंगावेशीकडून येताना डाव्या हाताला,
कसबेकर चाळ सध्या हिरव्या जाळीत आहे.
बावीस खोल्या, दोन नळ, एक लांब सज्जा,
आणि मी, नऊ नंबरची मालन,
साडेचारशे रुपये रोजावर
माझ्याच शेजाऱ्यांच्या भिंती खरवडते.

दस्तगीर मेस्त्री महिनाभर चुना भिजवतो.
त्यात बेलफळाचं पाणी, हिरडा आणि गूळ.
गूळ मगदूमअण्णांनी शाहूपुरीतून स्वतः आणला,
अडत्याला म्हणाले, पिवळाधमक नको, काळा दे,
खाणारी भिंत हाय.
मुंगळे पहिल्या दिवसापासून कामावर हजर.

"मधी सिमेंट मारलंतं न्हवं," मेस्त्री म्हणतो,
"म्हंजे माणसाला रेनकोट घालून झोपवल्यागत.
घामानं जायाचं कुठं?"
खरंच, सिमेंटचा पापुद्रा निघाला तर
एकोणीस सालचं पाणी आत अजून ओलं.
पंचगंगा आठवड्यात माघारी गेली होती.
आम्ही समजलो, गेली.

पुण्याच्या खानोलकर मॅडमना मूळ रंग हवाय.
त्या भिंगातून बघतात, मी ब्लेडनं सोलते:
पिस्ता, पिस्त्याखाली गुलाबी,
गुलाबीखाली अक्काताई पोवारच्या सासूनं मारलेला गेरू,
मग चुलीच्या धुरानं काळा पडलेला चुना, मग नुसता चुना.
सज्जात उभं राहून सगळे भांडतात.
ज्याला त्याला मूळ म्हणजे
आपण लग्न होऊन आलो ते साल.

परवा ब्लेड चुन्याच्याही पलीकडे गेलं.
दगड लागला, एका अंगानं गोल झिजलेला,
मधोमध पन्हळ.
मेस्त्रीनं तळवा फिरवला, वास घेतला.
"तेलाच्या घाण्याचा हाय ह्यो. कुणाचा तरी मोडला आसंल,
ह्यांनी उचलून भिंतीत घातला."
मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं.
खालून सातपुत्यांचा बाळू ओरडला,
"म्हंजे चाळ बी भाड्यानंच ऱ्हातीया की!"
बावीस खोल्या हसल्या,
भाडं थकलेलेसुद्धा हसले.

हसू ओसरायच्या आत कुणीतरी विचारलं,
काम झाल्यावर भाडं हेच राहणार का?
उत्तर द्यायचं कोणी, ते तिथं नव्हतं.
मेस्त्रीनं थापी उचलली.

आज माझी खोली.
पिस्त्याखाली निळा.
याच्याखाली काय आहे ते मॅडमनी बघावं,
याच्यापुरतं मला भिंग नको.
वडील स्टुडिओत पडदे रंगवायचे.
एका पिक्चरसाठी चाळीस फूट आभाळ रंगवलं,
आणि पिक्चर बंद पडला.
निर्माता हात जोडून म्हणाला, पैसे नाहीत,
हे उरलंय ते घेऊन जावा.
दीड डबा.
त्यात पाणी घालत घालत त्यांनी खोली पुरी केली.
दारामागच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत
रंग इतका पातळ झाला होता
की आई म्हणायची, तिथं अजून उजाडतंय.

त्याच कोपऱ्यातला नखाएवढा पोपडा
मी कागदी पाकिटात घातला.
वर मॅडमचा छापील कागद चिकटवायचा असतो.
खोली: नऊ. भिंत: पूर्व. थर: दुसरा.
साल: अज्ञात, हे त्यांनी सकाळीच सगळ्या पाकिटांवर भरून ठेवलंय.
रंगाचं नाव, पुढे मोकळी रेघ.

चुन्यानं बोटं चिरलीत, पेन धरवत नाही.
वाकडंतिकडं लिहिलं: आभाळ.
मग वाटलं, पुण्यात हे कुणाला कळायचं नाही,
म्हणून खाली बारीक अक्षरात:
बापाची मजुरी.

साल मला पाठ आहे.
कुणी विचारलं तर सांगीन.
खालून मेस्त्री हाका मारतोय,
मालन, भिंत भिजव, चांगली भिजव,
कोरड्या भितीला चुना धरत न्हाई.